थोडक्यात सांगता येणं

एका जमीनदाराला आपल्या वाड्याशेजारची गरीब विधवेची झोपडी हवी होती आणि ती त्याने वकिलांच्या जोरावर मिळवली. पुढे म्हातारीने मागितलेली टोपलीभर माती त्याला स्वतःला उचलता आली नाही, तेव्हा त्याचे डोळे उघडले आणि त्याने झोपडी परत केली.

माधवराव सप्रे यांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही कथा एवढ्या दोन वाक्यांत बसते. १९०१ साली ती 'छत्तीसगढ़ मित्र' या मासिकात छापून आली. सप्रे घरचे मराठी. जन्म १८७१ चा, दमोह जिल्ह्यातल्या पथरियाचा. शिक्षण बिलासपूर, रायपूर, जबलपूर असं फिरत झालं. १९०० च्या जानेवारीत त्यांनी पेंड्र्याहून हे मासिक सुरू केलं, सोबतीला रामराव चिंचोलकर आणि वामनराव लाखे. पुढे 'दासबोध' आणि टिळकांचं 'गीतारहस्य' हिंदीत नेलं ते याच सप्र्यांनी. हिंदीतल्या अगदी सुरुवातीच्या लघुकथांमध्ये या कथेचं नाव आदराने घेतलं जातं.

कथा जेमतेम दोन पानांची. शब्द फारसे अवघड नाहीत, पात्रं दोन, घटना एका सरळ रेषेत. चौथीच्या मुलाला ती वाचायला द्यावी, वाचून झाल्यावर पुस्तक मिटायला सांगावं आणि म्हणावं, "आता थोडक्यात सांग." प्राथमिक शाळेत याच्याइतकं सोपं दिसणारं आणि याच्याइतकं अवघड काम दुसरं नाही, असं माझं मत आहे. या दोन शब्दांत मुलाला नेमकं काय करायचं असतं आणि ते त्याला कुणी शिकवतं का, हा या लेखाचा विषय. त्यासाठी सप्र्यांच्याच रायपूरला, पण शहराच्या दिवाणखान्यात न थांबता उरल्यापर्यंत जायला हवं.

रायपूरहून बिलासपूरच्या बाजूला निघालं की भनपुरी आणि बिरगाव ओलांडता ओलांडता कारखाने सुरू होतात. उरला औद्योगिक क्षेत्र ते हेच. आणखी पुढे सिलतरा. लोखंड हा इथला मुख्य धंदा. सिलतऱ्याच्या बाजूला स्पंज आयर्नचे कारखाने, उरल्यात रोलिंग मिल आणि भट्ट्या. ट्रकांची रीघ आणि पत्र्यांवर बसणारी काळी भुकटी इथल्या रोजच्या जगण्याचा भाग आहे. कामगार वस्त्यांमध्ये आसपासच्या खेड्यांतून आलेली छत्तीसगढी कुटुंबं आहेत, तशी ओडिशाची, बिहारची, पूर्व उत्तर प्रदेशचीही आहेत. घरात छत्तीसगढी, ओडिया, भोजपुरी. गल्लीत या सगळ्यांची मिळून झालेली एक बोली. आणि शाळेच्या पुस्तकात प्रमाण हिंदी. छत्तीसगढीला राज्याने २००७ मध्ये राजभाषेचा दर्जा दिला, २८ नोव्हेंबरला तिचा दिवसही साजरा होतो. पण चौथीच्या मुलाच्या हातातला धडा बहुतेक वेळा हिंदीतच असतो.

अशा वर्गात 'थोडक्यात सांग' म्हटल्यावर येणारी उत्तरं साधारण तीन तऱ्हांची असतात. मुंबईच्या महापालिका शाळेत किंवा गडचिरोलीच्या आश्रमशाळेतही तीच येतील, कारण ही उत्तरं शाळेनेच घडवलेली असतात.

पहिलं मूल धड्याची सुरुवातीची चार वाक्यं जशीच्या तशी उतरवतं आणि थांबतं. जमीनदाराचा महाल येतो, विधवेची झोपडी येते, महालाचं आवार वाढवायची त्याची इच्छा येते. टोपली येतच नाही. मूल आळशी नसतं. महत्त्वाचं ते आधी असतं आणि 'थोडक्यात' म्हणजे 'थोडंसं', असा त्याचा प्रामाणिक समज असतो.

दुसरं मूल 'मग… मग… मग' करत सगळंच सांगतं. नवरा मेला, मग मुलगा मेला, मग सून मेली, मग नात राहिली, मग जमीनदार आला. कथेला लागला तेवढाच वेळ त्याला लागतो. याला गोष्ट कळलेली आहे, लक्षातही आहे. गाळायचा अधिकार आपल्याला आहे, हे मात्र त्याला कुणी सांगितलेलं नाही.

तिसरं मूल उभं राहून एका दमात म्हणतं, "गरिबांना त्रास देऊ नये." वर्गात शाबासकी मिळते ती यालाच. मला काळजी वाटते तीही याचीच. हे उत्तर कथा न वाचताही देता येतं. शंभर वेगळ्या गोष्टींना ते चालतं. इसापनीतीपासून आपल्याकडे प्रत्येक गोष्टीच्या शेपटाला तात्पर्य बांधायची सवय आहे, आणि मुलं फार लवकर ओळखतात की गुरुजींना गोष्ट नको असते, तात्पर्य हवं असतं. मग गोष्टीत काय घडलं याच्याकडे बघायची गरजच उरत नाही. सारांश म्हणजे मजकुरात जे आहे त्याचा गाभा. तात्पर्य म्हणजे त्यावरून आपण काढलेला बोध. या दोन गोष्टी आपण मुलांसमोर इतकी वर्षं एकत्र कालवल्या आहेत की शिक्षकांनाही त्या वेगळ्या काढून दाखवाव्या लागतात.

मुलं असं का करतात, याचा नीट अभ्यास झालेला आहे. अमेरिकेत ॲन ब्राउन आणि जीन डे या दोघींनी १९८३ मध्ये पाचवी, सातवी, दहावीची मुलं आणि कॉलेजचे विद्यार्थी यांना सारांश लिहायला लावून, ते करताना डोक्यात कोणती कामं चालतात ती वेगळी करून पाहिली. बिनमहत्त्वाचं आणि पुन्हा पुन्हा आलेलं गाळणं हे सगळ्यात सोपं काम. पाचवीच्या मुलांनाही ते बऱ्यापैकी जमत होतं. त्यानंतर अनेक वस्तूंना किंवा अनेक कृतींना मिळून एक नाव देणं. मग परिच्छेदाचा भार पेलणारं वाक्य मजकुरातच असेल तर ते शोधणं. आणि सगळ्यात अवघड म्हणजे असं वाक्य मजकुरात नसेल तर ते स्वतः तयार करणं. हे शेवटचं पाचवीच्या मुलांना जवळपास जमतच नव्हतं. ती पुढेपुढे जात, थोडं गाळत, बाकीचं उतरवत आणि वहीतली जागा संपली की थांबत.

म्हणजे उरल्यातलं मूल जे करतं तेच अमेरिकेतलं मूलही करत होतं. त्यात भाषेचा किंवा गरिबीचा दोष शोधायचं कारण नाही. वयाबरोबर हे आपोआप येईल म्हणून वाट पाहणं मात्र चुकीचं आहे, कारण पुष्कळांना ते मोठेपणीही येत नाही. आपल्या सरकारी टिपण्या आणि संस्थांचे अहवाल वाचणाऱ्या कुणालाही हे पटेल.

आता सप्र्यांच्या कथेवर ही कामं वर्गात कशी होतात ते जरा जवळून पाहू.

शिक्षिका कथा सांगते. वाचून दाखवली तरी चालेल, पण सांगितली तर उत्तम. मग मुलांना विचारून ती फळ्यावर घटना लिहिते, मुलं सांगतील त्याच शब्दांत. कुणी 'टोकरी' म्हणेल, कुणी 'टुकनी'. कुणी 'विधवा' म्हणेल, कुणी 'डोकरी'. जे येईल ते फळ्यावर जाऊ द्यावं. दहा-बारा ओळी होतात. त्यानंतर एकेका मुलाने पुढे येऊन एक ओळ पुसायची आणि उरलेली गोष्ट सगळ्यांनी मोठ्याने वाचायची. गोष्ट उभी राहिली तर ओळ गेली ती गेली. कोसळली तर ओळ परत लिहायची.

या पुसापुशीत मुलं जो वाद घालतात तो ऐकण्यासारखा असतो. जमीनदार आवारात फिरत होता ही ओळ सहज जाते. त्याने आधी म्हातारीला हाकलायला सांगितलं, ही जाते आणि कुणीतरी ती परत मागतं, "नाहीतर तो वाईट आहे हे कसं कळणार?" नवरा गेला, एकुलता मुलगा गेला, सून गेली, या तीन ओळींपाशी गाडी अडते. एकही पुसवत नाही आणि तिन्ही ठेवल्या तर गोष्ट लांबते. इथे शिक्षिकेने विचारायचं, "या तिन्हींना मिळून एक वाक्य करता येईल का?" थोड्या वेळाने कुणीतरी म्हणतं, "घरची सगळी माणसं गेली, एकटी नात राहिली." अमेरिकेतल्या त्या अभ्यासातलं दुसरं काम ते हेच. व्याख्या न सांगता ते मुलाने केलं आणि आपण केलं हे त्याला कळलं.

खरी कसोटी नातीची. या लेखाच्या सुरुवातीला मी जी दोन वाक्यं दिली त्यात नात नाही. मुलं ते खपवून घेत नाहीत. म्हातारी माती मागते ती नातीसाठी: झोपडी सुटल्यापासून नातीने अन्न टाकलंय, घरी ने म्हणते, म्हणून त्या घरच्या मातीची चूल करून तिच्यावर भाकरी भाजावी, असा आजीचा विचार. नात काढली तर मातीला कारण राहत नाही. पण दुसरं कुणी म्हणेल की गोष्ट जमीनदाराची आहे. माती का हवी होती यापेक्षा ती त्याला उचलली नाही हे मोठं. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. गोष्ट कुणाची मानायची यावर काय ठेवायचं ते ठरतं. नऊ वर्षांच्या मुलाला इथपर्यंत येता येतं, मात्र त्यासाठी शिक्षिकेजवळ एकच बरोबर उत्तर तयार असून चालत नाही. गाइडमधला छापील सारांश या जागी सगळ्यात जास्त नुकसान करतो.

गोष्टींसाठी एक साचा जगभरच्या प्राथमिक शाळांत वापरतात आणि तो आपल्याकडेही छान चालतो: कोण होतं, त्याला काय हवं होतं, पण काय आडवं आलं, म्हणून त्याने काय केलं, शेवटी काय झालं. मुलं पाच बोटांवर तो धरतात. सप्र्यांची कथा त्यात चपखल बसते. गंमत अशी की पहिल्या बोटावर जमीनदार घेतला तर एक गोष्ट होते आणि म्हातारी घेतली तर दुसरी. दोन्ही करून घ्याव्यात.

पण हा साचा माहितीच्या धड्याला लागू पडत नाही, आणि आपल्या शाळा इथेच फसतात. पर्यावरण अभ्यासाच्या परिच्छेदात 'कोणाला काय हवं होतं' असं काही नसतं. उरल्यापुरता एक छोटा उतारा मीच लिहितो. 'मिलमध्ये ट्रकांतून भंगार येतं. स्पंज आयर्नच्या गोळ्याही येतात. दोन्ही भट्टीत टाकून वितळवतात. लाल रस साच्यात ओतला की जाड लांबट ठोकळे होतात. ते पुन्हा तापवून रुळांमधून काढतात. प्रत्येक वेळी ठोकळा बारीक आणि लांब होत जातो. शेवटी सळई तयार होते. ती थंड करून कापतात आणि भारे बांधून पाठवतात.'

याचा सारांश करायचा तर आधी विचारावं लागतं, की हा उतारा कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतोय? सळई कशी होते, या प्रश्नाचं. मग उत्तर एका वाक्यात: जुनं आणि कच्चं लोखंड वितळवून, ठोकळे ओतून, ते लाटून सळई करतात. 'लाटून' हा शब्द उताऱ्यात कुठेच नाही. तो मुलाने घरातून आणला, आणि तो आला त्या क्षणी शिक्षकाने खडू खाली ठेवून मुलाची पाठ थोपटावी, कारण मजकुरात नसलेलं पण मजकुराचंच असलेलं वाक्य त्याने घडवलंय. चार कामांतलं सगळ्यात अवघड ते हेच.

उरल्याच्या वर्गात इथे आणखी एक अडचण येते आणि ती मोलाची आहे. बाप मिलमध्ये असलेलं मूल सारांशात लिहिणार, "भट्टीजवळ फार भाजतं, रात्रपाळीला जास्त." हे खरं आहे, पण उताऱ्यात नाही. 'चूक' म्हणून ते खोडलं तर मूल शिकतं की त्याला माहीत असलेल्या गोष्टीला शाळेत किंमत नाही. तसंच राहू दिलं तर लेखकाने काय सांगितलं आणि मला काय माहीत आहे, यातला फरक त्याला कळणार नाही. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारावी. डावीकडे उतारा काय सांगतो ते, उजवीकडे मला आणखी काय माहीत आहे ते. पुढे कधीतरी हेच मूल बातमी वाचताना, सरकारी पत्रक वाचताना, फोनवर आलेला संदेश वाचताना ही रेघ स्वतःच मारेल. उजवीकडचा रकाना भरलेला असणं ही उरल्याच्या मुलाची श्रीमंती आहे.

भाषेचा मुद्दा इथे टाळताच येत नाही. आपल्या शब्दांत सांग, असं आपण म्हणतो; मुलाचे आपले शब्द जर वर्गात चालतच नसतील तर त्याने पुस्तकातले उतरवण्यावाचून करावं काय? महाराष्ट्रात या प्रश्नाला सरळ भिडलेल्या व्यक्ती म्हणजे फलटणच्या मॅक्सीन बर्नसन. अमेरिकेतून आलेल्या या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी फलटणच्या बोलीतल्या भेदांवर संशोधन केलं, तिथेच राहिल्या, भारतीय नागरिक झाल्या, १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था काढली आणि पुढे कमला निंबकर बालभवन ही शाळा उभी केली. मुलाची घरची बोली अशुद्ध म्हणून बाजूला सारायची नाही आणि प्रमाण भाषेपासूनही त्याला वंचित ठेवायचं नाही, हा त्यांच्या कामाचा कणा. सारांश शिकवताना याचा अर्थ अगदी व्यवहारी आहे: वाचन पुस्तकाच्या भाषेत, पहिलं सांगणं घरच्या बोलीत, त्यानंतरचं लिहिणं पुन्हा पुस्तकाच्या भाषेत. मधली पायरी गाळली की उतरवणं सुरू होतं. हिंदी धडा छत्तीसगढीत सांगणाऱ्या मुलाला धड्यातलं वाक्य चोरताच येत नाही. त्याला समजून घ्यावंच लागतं.

छत्तीसगढकडे या मधल्या पायरीसाठी एक जुनं साधन आहे. पंडवानीत मुख्य गायक किंवा गायिका हातात तंबुरा घेऊन महाभारतातला प्रसंग उभा करते आणि बाजूला 'रागी' बसलेला असतो. तो हुंकार भरतो, सांगितलेलं उचलून धरतो, मध्येच विचारतो, प्रेक्षकांच्या मनातली शंका बोलून दाखवतो. तीजनबाईंची पंडवानी ज्यांनी पाहिली त्यांना ही जुगलबंदी आठवेल. १९८४ मध्ये ॲनमेरी पॅलिन्सर आणि ॲन ब्राउन यांनी वाचनात मागे पडलेल्या सातवीच्या मुलांबरोबर एक पद्धत वापरून पाहिली: छोट्या गटात परिच्छेद वाचायचा, एकाने त्याचा सारांश सांगायचा, प्रश्न विचारायचा, अडलेलं उलगडायचं, पुढे काय येईल त्याचा अंदाज बांधायचा, मग पुढच्या परिच्छेदाला दुसऱ्याने पुढाकार घ्यायचा. मुलांच्या आकलनात त्यामुळे स्पष्ट सुधारणा झाली आणि ही पद्धत जगभर गेली. रायपूर जिल्ह्यातल्या शिक्षकाला ती परकी वाटायचं कारण नाही. जोडीतल्या एका मुलाला गायक करावं आणि दुसऱ्याला रागी.

यावर घेतले जाणारे दोन आक्षेप खरे आहेत. पहिला म्हणजे मुलांना धड वाचताच येत नाही तिथे सारांश कुठून काढता? मुलांचं वाचन तपासणाऱ्या 'असर'च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या ४८.८ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. २०२२ मध्ये हा आकडा ४२.८ होता. म्हणजे निम्म्याहून अधिक मुलं अजून त्या पायरीच्या खालीच आहेत. पण सारांश सांगायला वाचता यावंच लागतं असं नाही. ऐकलेल्या गोष्टीचा सारांश दुसरीतलं मूल सांगू शकतं. अक्षरं पक्की होईपर्यंत अर्थ थांबवून ठेवायचा, ही आपली जुनी खोड आहे. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'निपुण भारत' या सरकारी मोहिमेत तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचावेत असं उद्दिष्ट आहे. शब्द घड्याळ लावून मोजता येतात, म्हणून मोजले जातात; 'अर्थासह' कशाने मोजायचं? मिटल्या पुस्तकाने तीन वाक्यांत सांगायला लावणं, हे त्याचं सगळ्यात स्वस्त माप आहे.

दुसरा आक्षेप अभ्यासकांचा. २०१३ मध्ये जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा तंत्रांचा आढावा घेतला आणि सारांश काढण्याला कमी उपयोगाच्या गटात टाकलं. कारण वाचलं की उलगडा होतो: ज्यांना सारांश चांगला काढता येतो त्यांनाच त्याचा फायदा होतो आणि बहुतेकांना तो आधी शिकवावा लागतो. मी तर याला आमच्या बाजूचा पुरावा समजतो. 'सारांश लिहा' अशी आज्ञा दिल्याने काहीच होत नाही. ते शिकवायला वेळ लागतो, आणि तो वेळ प्राथमिक शाळेतच द्यायला हवा.

आपण तो देतो कधी? महाराष्ट्रात दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत पत्रलेखनाला पर्याय म्हणून सारांशलेखन येतं: अपठित उताऱ्याचा एक तृतीयांश सारांश तुमच्या शब्दांत लिहा. पर्याय असल्यामुळे मुलं पत्र पाठ करतात आणि सारांश सोडून देतात. जी लिहितात त्यांना शिकवण्यांमध्ये सांगितलं जातं की उताऱ्यातली दर तिसरी-चौथी ओळ उचला, उदाहरणं गाळा, आकार जमवा. आकार जमतोही. पंधराव्या वर्षी मूल पुन्हा तेच करतं जे चौथीत करत होतं, फक्त हात सफाईने चालतो. एक तृतीयांश हे माप परीक्षकाच्या सोयीचं आहे. लहान मुलासमोर ते ठेवूच नये. त्याला वाक्यं मोजू द्यावीत: आधी पाच, मग तीन, मग एक. पाचाचं तीन करताना काय सोडलं आणि का, हे तोंडी विचारावं. सारांश तपासायचा तो या 'का'च्या उत्तरात.

उरल्याचं मूल उद्या कदाचित मिलच्या फाटकावर लावलेली नोटीस वाचेल, बापाच्या पगाराच्या चिठ्ठीतली कपात समजून घेईल, दवाखान्यातला कागद आईला दोन वाक्यांत समजावून सांगेल. वस्तीतली पुष्कळ मुलं आजही घरातली पहिली वाचणारी आहेत आणि मोठ्यांना थोडक्यात सांगणं हे त्यांच्यावर येऊन पडलेलं कामच आहे. त्यात चूक झाली तर गुण जात नाहीत, पैसे जातात.

म्हणून बालभारती आणि दोन्ही राज्यांच्या शैक्षणिक संशोधन परिषदांकडे मागणी आहे, की तिसरी ते पाचवीच्या भाषा विषयात तोंडी सारांशाला आठवड्याला एक तास द्यावा. त्याची परीक्षा घेऊ नये आणि त्यासाठी मुलाची कुठलीही बोली चालेल असं शिक्षक-पुस्तिकेत स्पष्ट छापावं. रायपूरच्या मराठी मंडळींना वेगळी विनंती आहे. सप्रे २३ एप्रिल १९२६ रोजी गेले, म्हणजे २०२६ हे त्यांच्या निधनाचं शंभरावं वर्ष. त्या निमित्ताने भाषणं होतील, हार घातले जातील. त्याच खर्चात बिरगाव-उरल्याच्या सरकारी प्राथमिक शाळांना त्यांची ती दोन पानांची कथा मोठ्या टायपात छापून द्या, आणि ती मुलांकडून ऐकायला तुमच्यातल्या निवृत्त शिक्षकांना महिन्यातून एक सकाळ तिकडे पाठवा.